वडी पडेल इतकी ओल: मातीच्या भांड्यावर नक्षी कधी आणि कशी करायची

सकाळी स्टुडिओ उघडला की माझा पहिला हात जातो तो एका बंद पडलेल्या फ्रिजकडे. भंगारवाल्याकडून घेतलेला, आतली यंत्रणा कधीच काढून टाकलेली, पण दाराचं रबर अजून घट्ट आहे, म्हणून आत ओल टिकते. खालच्या कप्प्यात पाणी पाजलेली प्लास्टरची लादी आणि वरच्या जाळ्यांवर कालची, परवाची, गेल्या शनिवारच्या क्लासमधली भांडी. एकेक बाहेर काढायचं, काठाला बोट लावायचं, बुडाला नख लावायचं आणि ठरवायचं की आज याचं काय होणार. नक्षी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी रंग आणि ब्रश हवे असतात. मी आधी फ्रिज दाखवते.

कारण या कामात चुकतं ते बहुतेक वेळा ओलीत. चित्रकला उत्तम असलेल्या माणसाचं भांडं फुटतं, आणि धड सरळ रेघ न येणाऱ्याचं सुंदर निघतं. फरक एवढाच, की दुसऱ्याने मातीच्या सोयीची वेळ पाळलेली असते.

ओल ओळखणं

स्टुडिओत आम्ही सगळे सर्रास ‘लेदर हार्ड’ म्हणतो, पण नव्या माणसाला त्यातून काही कळत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी कच्चं चामडं हातात धरलेलं असतं? त्यामुळे मी स्वयंपाकघरातून सांगते. चाकावरून नुकतं उतरवलेलं भांडं म्हणजे भाकरीसाठी मळलेलं पीठ, अंगठा लावला की खड्डा पडतो. काही तासांनी ते कोथिंबीरवडीच्या उकडलेल्या उंड्यासारखं होतं, पण अजून कोमट असलेल्या. उचलता येतं, दाबलं तर किंचित दबतं. हा मऊ लेदर हार्ड. उंडा पूर्ण गार झाला की सुरीने स्वच्छ वडी पडते, सुरीला काही चिकटत नाही आणि कडाही ढासळत नाहीत. हाच खरा लेदर हार्ड. निम्म्याहून जास्त नक्षीकाम याच टप्प्यावर होतं. त्यानंतर काठाचा रंग फिका पडू लागतो, आणि शेवटी सगळं भांडं फिकट, खडूसारखं कोरडं होतं. त्याला बोन ड्राय म्हणतात.

बोन ड्राय झालं की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. ही युक्ती माझी नाही, जगभरचे कुंभार तेच करतात.

कुठलं काम कधी करायचं ते असं. ठसे, पानं, जाळ्या दाबायच्या असतील तर ओल्या मातीवर. रंगीत माती, म्हणजे स्लिप, लावायची तर मऊ लेदर हार्डला. कोरणं, खरवडणं, रेघांत माती भरणं वडीच्या टप्प्याला. भरलेली माती खरवडून सपाट करणं, काठ फिका पडू लागल्यावर. बोन ड्रायला जवळजवळ काहीच करायचं नाही. अपवाद एकच: शेलॅकने, म्हणजे सुताराकडच्या लाखेच्या पॉलिशने, नक्षी काढायची, ती वाळली की ओल्या स्पंजने हळूहळू पुसत जायचं. लाख लावलेला भाग तसाच उभा राहतो, उघडी माती झिजते आणि उठावाची नक्षी तयार होते. फार सुंदर दिसतं, पण पाणी जास्त झालं तर डोळ्यांदेखत तडा जातो.

पुण्यात मे महिन्यात सकाळी नऊला चाकावरून उतरवलेला वाडगा दुपारी एकलाच वडीच्या टप्प्याला येतो. जेवायला घरी गेलात तर वेळ निघून गेलेली असते. जुलैत त्याच वाडग्याला तीन दिवस लागतात. शिवाय भांडं सगळीकडून सारखं वाळत नाही. काठ आधी, बूड सर्वांत शेवटी. म्हणून काठाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, आणि भांडं उचलण्याइतकं घट्ट झालं की उपडं ठेवायचं. एवढं केलं तरी निम्म्या तडा टळतात.

दिवसाचा क्रम

फ्रिजची पाहणी झाली की सर्वांत कोरडी भांडी पुढ्यात येतात, कारण ती थांबणार नसतात. आधी ट्रिमिंग, म्हणजे बुडाची जादा माती काढून पायथा देणं. त्याच भांड्यांना लगेच कोरून घ्यायचं. मऊ भांड्यांना स्लिपचा पहिला हात द्यायचा आणि तो सुकेपर्यंत कप-मगांचे कान जोडायचे. चाकावरचं नवं काम मी मुद्दाम दुपारी करते, म्हणजे ते रात्रभर झाकून सकाळी हाताशी येतं. ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा बसणारा थर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर. संध्याकाळी अर्धा तास फक्त झाकाझाकी.

आणि साफसफाई. फरशी कधीही कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. हातातलं चिखलाचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. दोन बादल्या ठेवा, पहिलीत हात धुवा, दुसरीत विसळा. दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी झाडांना आणि तळाची माती पुन्हा मळायला. प्लंबरचं एक बिल भरल्यावर हे मला शिकवावं लागलं नाही.

स्लिप बनवणं

बाजारात तयार अंडरग्लेझच्या, म्हणजे ग्लेझखाली लावायच्या रंगांच्या, बाटल्या मिळतात, पण सुरुवात स्वतःच्या मातीपासून करा. भांड्याचीच माती स्लिपला वापरली तर दोन्ही सारख्या आकसतात आणि स्लिप सुटून येत नाही. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीची, भांडी ओल्यापासून पक्क्या भट्टीपर्यंत साधारण दहा-बारा टक्के लहान होतात. वरचा थर आणि आतलं अंग यांचा हिशोब जुळला नाही तर कपच्या उडणार.

पांढऱ्या स्टोनवेअर मातीचे पूर्ण वाळलेले तुकडे घ्या. वजन वाळलेल्या मातीचंच धरायचं, ओल्या मातीवर हिशोब केला तर रंग दरवेळी वेगळा येईल. तुकडे पाण्यात टाका आणि हलवू नका. कोरडी माती पाण्यात आपोआप विरघळत बसते. अर्धवट ओली टाकली तर गोळे दोन दिवस तसेच राहतात. रात्रभर ठेवून वरचं पाणी काढा, घुसळा आणि ८० नंबरच्या चाळणीतून गाळा.

१०० ग्रॅम कोरड्या मातीमागे माझी मापं अशी: तांबूस तपकिरीसाठी रेड आयर्न ऑक्साइड ७ ग्रॅम, निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट २ ग्रॅम, हिरव्यासाठी क्रोम ऑक्साइड ३ ग्रॅम. काळ्यासाठी तयार काळा स्टेन, म्हणजे भट्टीत टिकणारी रंगाची पूड, ८ ते १० ग्रॅम. कोबाल्ट महाग असतो आणि त्याचा रंगही जबरदस्त असतो, हात सैल सोडू नका. क्रोमची एक खोड आहे: भट्टीत शेजारी कथिलाचं पांढरं ग्लेझ असेल तर त्यावर गुलाबी झाक येते. माझ्या एका पांढऱ्या बशीला अशीच लाजल्यासारखी लाली चढली होती, ती मी अजून विकलेली नाही. पूड मोजताना मास्क आणि हातमोजे हवेतच. ऑक्साइड आधी चमचाभर पाण्यात खलबत्त्यात घोटून मग मिसळा, नाहीतर निळ्यात गडद ठिपके राहतात. तो खलबत्ता पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

दाटपणा कामाप्रमाणे. ब्रशने लावायला धिरड्याच्या पिठाइतकी. मेंदीच्या कोनातून रेघ ओढायला घुसळलेल्या दह्याइतकी. रेघांत भरायला श्रीखंडाच्या चक्क्याच्या जरा अलीकडे.

तांबड्या मातीवर पांढरी स्लिप लावायची असेल तर ती माती वेगळी पडते, तेव्हा आधी चार फरशांवर करून बघा. एका मे महिन्यात मी घाईने, जरा जास्तच वाळलेल्या तेवीस वाडग्यांना पांढरी स्लिप लावली. लावताना लोण्यासारखी बसली. बिस्कच्या, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीच्या, भट्टीतून काढली तेव्हा काठांवरची स्लिप जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखी हातात आली. तेवीसच्या तेवीस.

खरवडून नक्षी: स्ग्राफितो

नाव इटालियन आहे, अर्थ खरवडणं. एका रंगाच्या मातीवर दुसऱ्या रंगाचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा रंग उघडा करायचा. क्लासमध्ये मी पहिल्यांदा हेच शिकवते, कारण इथे माती स्वतःच सांगते की तुमचं बरोबर चाललंय की नाही.

पहिलं भांडं सपाट घ्या, बशी किंवा फरशी. वाडग्याच्या आत हात वळत नाही. मऊ लेदर हार्डला स्लिपचा पहिला हात आडवा द्या, त्याची ओली चमक गेली की दुसरा उभा, मग गरज वाटली तर तिसरा. ब्रश रुंद आणि मऊ हवा. वाडगाच करायचा असेल तर आत आणि बाहेर एकाच वेळी स्लिप लावू नका. पातळ भिंत दोन्हीकडून पाणी पिते आणि बसकण मारते. आज आत, उद्या बाहेर. बुडाला स्लिप नको.

आता थांबा. बोट टेकवलं तर रंग लागत नाही, पण गारवा जाणवतो, इतकं सुकू द्या. मग साध्या मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने चित्र काढा. पेन्सिल भट्टीत जळून जाते, खोडायची चिंता नाही. खरवडायला लूपचं, म्हणजे टोकाला तारेचं वळं असलेलं, हत्यार चांगलं. नसेल तर संपलेलं बॉलपेन किंवा घासून टोकदार केलेला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडाही चालतो. हत्यार उभं धरू नका, तिरकं धरून आपल्याकडे ओढा. खोली फक्त स्लिपच्या थराइतकी. नवा माणूस नेहमी फार खोल जातो, जणू नाव कोरून ठेवायचंय किल्ल्याच्या भिंतीवर.

निघणाऱ्या मातीकडे बघा. पेन्सिलीला टोक करताना सुटते तशी सलग साल निघाली तर ओल अगदी बरोबर. रेघेच्या दोन्ही बाजूंना चिकट बांध उभे राहिले तर माती अजून ओली आहे, तासभर बाजूला ठेवा. पीठ उडायला लागलं, रेघेची कड कुरतडल्यासारखी झाली, तर उशीर झालाय. मग भांड्याभोवती ओलं वर्तमानपत्र, वरून प्लास्टिक, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. थेट पाणी मारू नका, स्लिप ओघळते.

रेघेतून निघालेले कण बोटाने झटकायचे नाहीत. ओले कण पांढऱ्यावर काळे फराटे ओढतात. तसेच राहू द्या, भांडं पूर्ण वाळलं की मऊ ब्रशने, मास्क लावून, उघड्यावर झाडा. हे मी प्रत्येक क्लासला तीनदा सांगते आणि प्रत्येक क्लासला कुणीतरी फुंकर मारतंच.

रेघांत माती भरणं

हे काम संयमाचं. कोरियात बाराव्या शतकात गोर्यो राजवटीच्या काळात सेलाडॉन, म्हणजे हिरवट ग्लेझच्या, भांड्यांवर पांढऱ्या-काळ्या मातीची जडणी करत, तिला तिथे सांगम म्हणतात. स्टुडिओत जपानी नाव रुळलंय, मिशिमा. स्ग्राफितोच्या नेमकं उलट. आधी वडीच्या टप्प्याला एक ते दीड मिलिमीटर खोल रेघा कोरायच्या, मग त्यांत दाट स्लिप भरायची. वाळताना ती खाली बसते, म्हणून दोन-तीनदा भरावी लागते. सगळं भांडं चिताडलेलं दिसतं, घाबरू नका. काठ फिका पडू लागला की स्टीलच्या पातळ पट्टीने वरचा थर खरवडा, आणि खालून केसाइतकी स्वच्छ रेघ वर येते. खरवडायची घाई केली तर सगळं फासलं जातं. क्लासमध्ये वेळ कमी असतो तेव्हा मी भांड्याला आधी वॅक्स इमल्शनचा हात देते, त्यावरून कोरायचं, स्लिप भरायची आणि ओल्या स्पंजने पुसायचं. मेणावर स्लिप ठरत नाही.

मेंदीच्या कोनात स्लिप भरून रेघा ओढणं मात्र शिकवावं लागत नाही. ज्यांचा हात रांगोळीत किंवा मेंदीत बसलेला आहे, त्या पहिल्याच दिवशी मला मागे टाकतात. एकच काळजी: कोनात हवा राहिली तर मध्येच फुसकन शिंतोडे उडतात.

ठशांसाठी घर धुंडाळा. पुरणयंत्राची जाळी, सोऱ्याच्या चकत्या, शंकरपाळ्याचं कातणं, क्रोशाचा रुमाल, पिंपळपानाची मागची बाजू. पान दाबून तसंच ठेवा, माती जरा घट्ट झाली की शीर धरून उचला.

घोटणं ही आपल्याकडची सर्वांत जुनी सफाई. काठ फिका पडताना गुळगुळीत गोट्याने भांडं घोटायचं, चमक आपोआप येते, ग्लेझ नको. पण घोटलेलं भांडं मी ९०० अंश सेल्सियसच्या पुढे नेत नाही, वर चमक उतरायला लागते. आणि ते पाणी झिरपू देतं, म्हणून त्यात आमटी नको.

क्लास कसा बसवायचा

शनिवारी चार ते साडेसहा, सहाजण. सहाच्या वर गेलं की मी शिकवत नाही, नुसती धावते. पहिल्या आठवड्यात भांडं, दुसऱ्यात ट्रिमिंग आणि नक्षी, तिसऱ्यात बिस्क झालेल्या भांड्याला ग्लेझ, चौथ्यात घरी. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात सहा माणसांची सहा भांडी सहा जाडीची, त्यामुळे दुसऱ्या शनिवारी एकाची वडी पडते, एकाचा खडू झालेला असतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी प्रत्येक भांडं तपासते. कोरडं वाटलं त्याला ओला कागद, ओलं वाटलं त्याचं प्लास्टिक थोडं उघडं.

शिवाय १० सेंटिमीटरच्या, ८ मिलिमीटर जाड फरशा आधीच वडीच्या टप्प्याला आणून फ्रिजमध्ये ठेवते, माणशी दोन. पहिला अर्धा तास फक्त फरशीवर. एक बिघडवायलाच दिलेली असते. हे सांगितलं की खांदे सैल होतात. रंग तीनच बाहेर काढते. आठ ठेवले तर आठही लागतात.

एक निवृत्त काका क्लासला फूटपट्टी घेऊन यायचे. रेघा अगदी सरळ, आणि तरी स्वतःवर नाराज. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना चाकावर फिरत्या वाडग्याला नुसता ब्रश टेकवायला लावलं. ‘ताई, हे तर आपोआप होतंय,’ म्हणाले आणि पुढचे दोन तास उठलेच नाहीत.

काय काढायचं, हा दुसरा प्रश्न. दर दुसऱ्या माणसाला मगावर वारली हवी असते. तांबड्या मातीवर पांढरं उठून दिसतं यात शंका नाही, मूळ वारली चित्रंही गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. पण ती एका समाजाची लग्नकार्यातली भाषा आहे, फोनवर बघून उतरवलेली तीन माणसं म्हणजे ती नव्हे. मी म्हणते, तुमच्या खिडकीतून जे दिसतं ते काढा. पाण्याच्या टाक्या, वायरींचं जाळं, गुलमोहर. आणि सुट्टीच्या दिवशी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. जोर्वे आणि इनामगावच्या उत्खननांत निघालेली तांबड्यावर काळ्या रेघांची खापरं बघा, तीन हजार वर्षांपूर्वीची. जाळी, तिरक्या रेघा, चौकटी, बस. कुठे थांबायचं ते त्या रेघांना माहीत होतं.

भट्टी

नक्षी झालेलं भांडं सावकाश वाळवा, निदान आठवडा. पावसाळ्यात दोन. बिस्कसाठी इलेक्ट्रिक भट्टीत मी आधी ८०–९० अंशांवर झाकण किंचित उघडं ठेवून रात्र काढते. आतलं पाणी उकळून वाफ झाली की भांडं फुटतं, आणि एक फुटलं की त्याच्या कपच्या शेजारच्या चौघांत घुसतात. मग ताशी १०० अंशांनी ६०० पर्यंत. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ अचानक फुगतं, तो टप्पा घाईचा नाही. त्यानंतर वेग वाढवून १००० पर्यंत. उतरताना १०० च्या खाली आल्याशिवाय झाकण उचलू नका, कितीही उत्सुकता असली तरी.

स्ग्राफितो आणि मिशिमावर पारदर्शक ग्लेझ, माझी स्टोनवेअरची भट्टी १२२० अंशांची. ग्लेझ जाड बसलं तर नक्षीवर दुधाळ साय येते. तीन मोजून बुडवा, उचला. बुडाचं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला चिकटेल. खाण्यापिण्याच्या भांड्याच्या आत शिसं नसलेलं, नीट वितळणारं ग्लेझच हवं. तांब्याचे आणि मँगनीजचे रंग मी फक्त बाहेरून वापरते, आत लिंबू-चिंच पडणार असते.

पणत्यांचं वेळापत्रक वेगळं लिहून ठेवा. दिवाळीच्या पणत्या बनवायच्या असतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नेमक्या त्याच दिवसांत काहीही वाळत नाही. मी जुलैअखेरीस सुरुवात करते, बिस्क झालेला माल कोरड्या पेटाऱ्यात भरून ठेवते आणि घटस्थापनेपर्यंत ग्लेझची शेवटची भट्टी उतरवते. संक्रांतीच्या सुगडांना ही कटकट नाही. डिसेंबरचं ऊन कोरडं आणि सौम्य असतं, दोन दिवसांत माल तयार.

आज शुक्रवार. उद्याच्या सहाजणांपैकी चौघांची भांडी वडीच्या टप्प्याला आहेत, एकाच्या मगाचा काठ फिका पडलाय, आणि एका मुलीचा गणपतीच्या पोटाएवढा जाड वाडगा अजून भाकरीच्या पिठावरच अडलाय. मगाला ओला कागद गुंडाळलाय. वाडगा रात्रभर पंख्याखाली उपडा.